आधी पैशाचा रस्ता ठरव

चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यातल्या ऊर्जा संक्रमणावर (कोळशाकडून स्वच्छ ऊर्जेकडे जाण्यावर) तीन संस्थांनी मिळून संशोधन करायचं, ही तुझी कल्पना झकास. पण प्रस्तावाआधी पैसा कुणाच्या खात्यात येणार ते ठरव. परदेशी निधी असेल, तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर तो घेणाऱ्या संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. प्रशासकीय खर्चही २० टक्क्यांच्या आतच. तेव्हा ‘आम्ही घेतो, तुम्हाला वाटतो’ हे विसर. प्रत्येक संस्थेची स्वतंत्र एफसीआरए नोंदणी, निधी देणाऱ्याशी थेट करार. नाहीतर देशी निधी बघ. आयसीएसएसआरच्या (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या) अटी बारकाईने वाच. बजेटमध्ये कंत्राटी खाणकामगारांच्या मुलाखती घेणाऱ्या स्थानिक मुलामुलींचं मानधन सगळ्यात आधी लिही, कात्री हमखास तिथेच लागते! आणि लेखावर नावं कुणाची, हे सामंजस्य करारातच लिहून घे.