बाईंना विचारा : कबड्डीतली चढाई घरबसल्या शिकता येत नाही, स्पर्धा भरवणं शिकता येतं

या महिन्यात खेळाच्या दूरशिक्षणाबद्दल तीन पत्रं आली. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण तोच प्रश्न उराशी धरून बसलेली मुलं किनाऱ्यावरच्या वाडीवाडीत आहेत.

प्रश्न : बाई, नमस्कार. मी गुहागर तालुक्यातला, वय 23. बारावीनंतर शिक्षण सुटलं, वडिलांबरोबर होडीवर जातो. मंडळाकडून कबड्डी खेळायचो, बचावात उजव्या कोपऱ्यावर. गेल्या वर्षी पकड करताना गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं. घरचे आता मैदानाचं नाव काढू देत नाहीत, पण मला खेळ सोडवत नाही. एका ओळखीच्या माणसाने सांगितलं की घरबसल्या एका वर्षात बी.पी.एड. मिळेल, परीक्षेलाही जावं लागणार नाही, मग शाळेत क्रीडाशिक्षक होता येईल. फी हप्त्याने भरायची आहे. घेऊ का प्रवेश?

उत्तर : नको घेऊस. पैसे दिले नसशील तर देऊ नकोस, दिले असशील तर आजच जाऊन मागून घे.

बी.पी.एड. हा शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवणारा पदवी अभ्यासक्रम आहे. त्याला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची, म्हणजे एनसीटीईची मान्यता लागते आणि परिषदेच्या 2014 च्या नियमांनुसार तो दोन वर्षं कॉलेजात हजर राहूनच करावा लागतो. प्रवेशासाठी आधी पदवी हवी. वर आपल्या राज्याच्या सीईटीत, म्हणजे प्रवेश परीक्षेत, लेखी पेपरबरोबर मैदानी चाचणीही असते. तू बारावी झालेला. तुला एका वर्षात ही पदवी देतो म्हणणारा माणूस तुला कागद विकतोय. तो कागद नोकरीच्या वेळी तपासला जाईल तेव्हा हा गृहस्थ फोन उचलणार नाही. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत दूरशिक्षणाची फ्रँचायझी देण्यालाच, म्हणजे मधल्या माणसाकडून अभ्यासक्रम चालवून घेण्यालाच, बंदी आहे. प्रवेश विद्यापीठाकडून घ्यायचा आणि फी विद्यापीठाच्या खात्यात भरायची. 2024 पासून दूरस्थ किंवा ऑनलाइन प्रवेशाआधी डीईबी आयडी, म्हणजे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक, काढावा लागतो, तो स्वतःच्या मोबाइलवरून स्वतः काढ. कोणत्या विद्यापीठाच्या कोणत्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे, ते आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर वर्षानुसार दिलेलं असतं. तिथे नाव नसेल तर पुढची चौकशीही करू नकोस.

आता तुझ्या मनातलं बोलू. खेळाच्या जवळ राहायचे दोन रस्ते आहेत. एक खेळाडूच्या शेजारी उभं राहण्याचा : प्रशिक्षक, क्रीडाशिक्षक, फिटनेस ट्रेनर. दुसरा मैदानाच्या मागे उभं राहण्याचा : स्पर्धा, पैसा, परवानग्या, माणसं सांभाळण्याचा. दूरशिक्षण दुसऱ्या रस्त्यावर पार शेवटापर्यंत सोबत करतं, पहिल्यावर अर्ध्या वाटेवर सोडतं.

का, ते तुला लगेच कळेल, कारण तू कोपऱ्यात खेळलास. घोट्याची पकड करायला कोपरारक्षक खाली बसतो तेव्हा कच्च्या पोराचा मागचा गुडघा आत वळतो. पाऊल एकीकडे, गुडघा दुसरीकडे, आणि त्याच क्षणी अंगावर चढाईपटूचं सगळं वजन येतं. लिगामेंट अशानेच तुटतं. पुस्तकात याचं चित्र आहे आणि कारणही दिलंय : मांडीमागचे आणि कमरेचे स्नायू कमजोर, उतरण्याची सवय चुकीची. हे घरी वाचून समजतं. पण बारा पोरं एकदम हालताना त्यातल्या एकाचा गुडघा वळला हे टिपणारा डोळा आणि त्याला थांबवून, पाय हाताने सरळ करून पुन्हा बसवण्याची हातोटी मैदानावर कोणाच्या तरी हाताखालीच येते. म्हणून पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेत 1961 पासून प्रशिक्षक घडतात ते तिथे राहून, मैदानावर घाम गाळून. त्यांचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहे. पुढेमागे तो तुझ्या आवाक्यातला ठरू शकेल.

आणि दुसरा रस्ता कमी मोलाचा समजू नकोस. आपल्याकडे शिमग्यानंतर गावोगाव प्रकाशझोतातले सामने होतात. सोळा संघ बोलावतात, मैदान एक. बाद पद्धतीत सोळा संघांचे पंधरा सामने होतात. पुरुषांचा पूर्ण सामना म्हणजे वीस-वीस मिनिटांचे दोन डाव आणि मधली विश्रांती. त्यात टाइमआउट आणि संघांची ये-जा धरली तर तास जातोच. संध्याकाळी पाचला नारळ फोडला तर अंतिम सामना सकाळी सातला सुरू होईल! ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करायचा, असा कायदा आहे. मग काय होतं तुला माहीत आहे. डाव दहा-दहा मिनिटांवर येतात, दमलेली पोरं पहाटे अर्धवट झोपेत खेळतात आणि गुडघे तेव्हाच जातात. हीच स्पर्धा दोन मैदानांवर, दोन दिवसांत घे. पहिल्या दिवशी पहिली फेरी : आठ सामने, दुपारी चार ते रात्री आठ. दुसऱ्या दिवशी उपांत्यपूर्व फेरीचे चार सामने दोन तासांत, दोन्ही उपांत्य सामने एकाच तासात, मग अंतिम. बक्षीस समारंभ धरूनही दहाच्या आत मैदान रिकामं. खर्च वाढेल तो दुसऱ्या मैदानाच्या आखणीच्या फक्कीचा, दिव्यांचा आणि पंचांच्या मानधनाचा. कोणाचा तरी जन्मभराचा गुडघा वाचणार असेल तर मला हा खर्च मुळीच जास्त वाटत नाही.

हे वेळापत्रक, हा हिशेब, बाहेरून आलेल्या मुलींच्या संघाला कपडे बदलायला खोली आणि स्वच्छतागृह, मैदानालगत बर्फ आणि स्ट्रेचर, जवळच्या दवाखान्याला आधी दिलेली खबर : क्रीडा व्यवस्थापन म्हणतात ते हेच. पैशाचंही तेच. कंपनी कायदा 2013 च्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणावरचा खर्च कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वात (सीएसआर) धरला आहे. पण ज्या मंडळाची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी नाही आणि हिशेब तपासलेले नाहीत, त्याला कंपनी दारात उभं करत नाही. गावचं मंडळ अजून वहीच्या मागच्या पानावर वर्गणी लिहीत असेल तर तिथे तुझी गरज आहे.

तेव्हा असं कर. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून मराठी माध्यमात पदवी घे. 1989 पासून हे विद्यापीठ होडीवरच्या, शेतावरच्या, घरातल्या माणसांना शिकवतंय. मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, हे आयोगाने 2022 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे, म्हणजे उद्या गुडघा साथ देऊ लागला तर बी.पी.एड.चं दारही उघडं राहील. पदवी चालू असताना मंडळात गुणलेखन कर, मग पंच परीक्षेला बस. गुडघ्याचं म्हणशील तर ऑपरेशननंतर निदान नऊ महिने स्पर्धेत उतरायचं नसतं. फिजिओथेरपिस्टने मोकळं केल्याशिवाय हौसेनेही पकडीला बसू नकोस. घरच्यांना माझं पत्र वाचून दाखव. त्यांची काळजी खरी आहे, पण शिट्टी आणि गुणपत्रक हातात असताना गुडघा तुटत नाही.

प्रश्न : मी देवगडला राहते. गावातल्या सभागृहात बायकांसाठी व्यायामाचा वर्ग घेते. व्हिडिओ बघून शिकले. आता पन्नाशीच्या पुढच्या बायकाही येऊ लागल्या आहेत आणि मला भीती वाटते. ऑनलाइन कोणता कोर्स करू?

उत्तर : ताई, ही भीती वाटणं तुमच्या सचोटीचं लक्षण आहे. आपल्याकडे खेळ आणि फिटनेससाठी स्पेफल नावाची कौशल्य परिषद आहे, तिच्या मानकांनुसार फिटनेस ट्रेनरचं प्रमाणपत्र मिळतं. इंग्रजीचा सराव असेल तर एसीई, एसीएसएम अशा अमेरिकी संस्थांची प्रमाणपत्रं घरून अभ्यास करून घेता येतात, मात्र फी जड आहे. आहाराचं शिकायचं असेल तर इग्नूचा, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा, अन्न आणि पोषण हा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम मला चांगला वाटतो.

पण कोर्स सुरू व्हायची वाट न बघता उद्यापासून दोन गोष्टी करा. नवीन बाई आली की तिला बाजूला घेऊन विचारा : छातीत दुखतं का, चक्कर येते का, बीपी-साखरेची गोळी चालू आहे का, सांधा धरतो का. एकाही प्रश्नाला हो आलं तर आधी डॉक्टरांचा सल्ला. दुसरं, जोर किती लावायचा हे ओळखायला यंत्र नको. व्यायाम करताना बाईला बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तर जोर मध्यम आहे. वाक्य तुटायला लागलं की कमी करा. असा मध्यम व्यायाम आठवड्याला किमान 150 मिनिटं आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पासष्टीच्या पुढच्यांना तोल सांभाळण्याचा सरावही द्या. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापतच राहतं. एप्रिल-मेमध्ये वर्ग सकाळी लवकर घ्या आणि मधे पाणी प्यायला थांबा.

एक गोष्ट मात्र पडद्यावर शिकू नका : बंद पडलेलं हृदय चालू ठेवण्यासाठी छाती दाबणं. मिनिटाला 100 ते 120 वेळा, मोठ्या माणसाची छाती किमान पाच सेंटिमीटर खाली जायला हवी. किती जोर लागतो ते सरावाच्या पुतळ्यावर हात ठेवल्याखेरीज कळत नाही. ग्रामीण रुग्णालयात किंवा रेडक्रॉसकडे चौकशी करा, आणि वर्गातल्या आणखी दोघींना बरोबर घेऊन जा.

प्रश्न : बाई, माझा मुलगा पदवीधर आहे, तारकर्लीला पर्यटकांना स्कुबा करवणाऱ्यांकडे कामाला आहे. त्याला ऑनलाइन एमबीए करायचंय, खेळाच्या व्यवस्थापनाचं. एका ठिकाणी फी काही लाख सांगितली. कर्ज काढू का? – एक आई, मालवण

उत्तर : कर्ज काढू नका. नावात ‘स्पोर्ट्स’ आहे म्हणून लाखो मोजायची गरज नाही. हिशेब, माणसं, विपणन, कायदा हे विषय साध्या एमबीएत असतातच, आणि इग्नूचं एमबीए त्या मानाने पुष्कळ स्वस्त पडतं. इव्हेंट मॅनेजमेंटची पदविकाही तिथे आहे. खेळाचा भाग तुमचा मुलगा रोज पाण्यात शिकतो आहे. स्कुबाचं प्रमाणपत्र कसं मिळतं ते त्यालाच विचारा : धडे ऑनलाइन वाचता येतात, पण उथळ पाण्यातला सराव आणि समुद्रातल्या चार बुड्या मारल्याशिवाय कोणी सही करत नाही. व्यवस्थापनाच्या अभ्यासालाही त्याने तसंच वागवावं. पुस्तकात जोखीम व्यवस्थापन आलं की आपल्या होडीवरची जॅकेटं, अडीअडचणीसाठी ठेवलेली ऑक्सिजनची टाकी, पर्यटकाकडून भरून घ्यायचा आरोग्याचा फॉर्म, सगळं तपासून मालकाला लिहून द्यावं. नोकरी मागायला जाताना ती टिपणं फार उपयोगी पडतील.

जुलैच्या सत्राला प्रवेश घ्या. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात, तेव्हा असाइनमेंट लिहून होतील. त्यांना तीस टक्के गुण आहेत, सोडून चालणार नाही. वीज आणि नेटवर्क जातं म्हणून पुस्तकं छापील मागवा. सत्राची परीक्षा डिसेंबरात असते, आणि तारकर्लीत नेमकी तेव्हाच नाताळची गर्दी उसळते. मालकाकडे त्या दिवसांची सुटी प्रवेश घेतानाच मागून ठेवायला सांगा.