तेवढा शब्द काढून द्या

"नवऱ्याकडे दिव्यांग प्रमाणपत्र आहे, दरमहा अनुदान देणाऱ्या सरकारी योजनेचा फॉर्मही मी आणून ठेवलाय, पण ते सहीच करत नाहीत. काय करू?" हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो, आणि विचारणारी बहुतेक वेळा बायको नाहीतर आई असते. उत्तर म्हणून एका जॉबरची हकीकत सांगते. त्यांना विचारूनच सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

इचलकरंजीकडचं जोडपं. हे यंत्रमागावर जॉबर, म्हणजे अडलेला माग चालू करून देणारा माणूस. पंचेचाळिशीचे. मधुमेहात पायाची जखम चिघळली आणि डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. ६० टक्के दिव्यांगत्वाचं पिवळं ओळखपत्र हातात होतं. बायको घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरायची, त्यावर घर चाललं होतं.

पहिल्या भेटीत मी चूक केली. कागदांची यादी सांगत बसले. रहिवासी दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधारला जोडलेलं बँक खातं. दिव्यांगत्व किमान ४० टक्के हवं, आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये. (महिन्याला चार हजारांच्या थोडं वर. एवढ्यात कुटुंब कसं जगतं, हे मर्यादा ठरवणाऱ्यांनी एकदा जगून बघावं.) त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग फॉर्मच्या मथळ्यावर बोट ठेवून म्हणाले, "ह्यातला तेवढा शब्द काढून द्या मॅडम, आत्ता सही करतो."

संजय गांधी निराधार अनुदान योजना. बोट 'निराधार'वर होतं.

१९८० पासूनचं हे नाव. मधल्या काळात सरकारने 'अपंग'चं 'दिव्यांग' केलं, डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी वेगळा विभागही काढला. पण ज्या नावाखाली माणूस रांगेत उभा राहतो, ते आहे तसंच राहिलं. बारा वर्षं ज्याच्या जिवावर शेडमधले माग चालले, त्याला हे नाव लावून घ्यायला सांगायचं, आणि तो बिचकला की "उगाच अभिमान कशाला?" म्हणायचं. मलाही ते शब्द ओठांवर आले होते, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या भेटीत मी फॉर्म बाहेर काढलाच नाही. महिन्याचा खर्च दोघांनी मिळून कागदावर लिहा म्हटलं. भाडं, किराणा, लाईटबिल, इन्सुलिन. बायकोने अडखळत आणखी एक ओळ घातली: बचत गटाचा हप्ता. इन्सुलिनसाठी तिने कर्ज काढलं होतं आणि नवऱ्याला सांगितलं नव्हतं. ते बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. "मला का न्हाई सांगितलं?" "तुमचा जीव वरखाली झाला असता." मी मध्ये बोलले नाही.

मग खरी अडचण निघाली. शब्द बोचत होताच, पण त्याहून जास्त भीती तहसील कचेरीसमोरच्या चहाच्या गाड्याची होती. तिथे ओळखीचे कामगार बसतात. कुबडी घेऊन त्या रांगेत उभं राहताना ते बघणार. यावर समजूत घालण्यात काही हशील नव्हतं, उपाय हवा होता. कामगार कामाच्या पाळीवर असतात तेव्हा, म्हणजे अकराच्या सुमाराला जायचं, असं ठरलं. खिडकीवरून काय ऐकू येईल, याची आम्ही तालीमसुद्धा केली. मी कारकून झाले आणि ओरडले, "निराधारवाले इकडे या." पहिल्यांदा त्यांचा चेहरा उतरला. तिसऱ्यांदा म्हणाले, "आवाज वाढवा, तिकडं एवढं गोड बोलत नसतील."

अर्ज एकदा परत आला. रेशनकार्ड वडिलांच्या नावावर एकत्र होतं, त्यामुळे उत्पन्नात भावाची कमाईही धरली गेली होती. हे फार घरांत होतं. चूल वेगळी असेल तर अर्जाआधीच कार्ड विभक्त करून घ्या. मला वाटलं, आता हे पुन्हा बसून राहतील. झालं उलटंच. बिघाड कुठे आहे हे कळल्यावर त्यांच्यातला जॉबर जागा झाला. तलाठ्याकडे, पुरवठा शाखेत स्वतः गेले, बायकोलाही बरोबर येऊ दिलं नाही. पुढे प्रकरण तालुक्याच्या समितीसमोर गेलं. समितीची बैठक होईपर्यंत थांबावंच लागतं, तेव्हा पोचपावती जपून ठेवायची. त्यांनी ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्यामागे ठेवली होती.

मंजुरी आली तेव्हा महिना १,५०० रुपये होते. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना २,५०० झाले. यात घर चालत नाही. इन्सुलिन आणि गटाचा हप्ता तेवढा भागतो.

त्यानंतर एकदा ते एकटेच आले, जयपूर फूट लावून. आता शेडजवळ बसून मागाचे सुटे भाग दुरुस्त करून देतात. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, हे त्यांना नुकतंच कळलं होतं.

"म्हणजे मी जिता हाय, हे दरवर्षी जाऊन सांगायचं?"

"हो."

"कितीला जाऊ?" म्हणाले. "आता अकराच पायजेत असं काय न्हाई."