दोन जुळे प्रोसेसर, मग आधी उठतो कोण?

प्रश्न : मी सातपूरला राहतो, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका कारखान्याने भंगारात काढलेला दोन प्रोसेसरांचा सर्व्हर बाबांनी मला आणून दिला. दोन्ही प्रोसेसर हुबेहूब सारखे. वीज आली की पहिला कोण, हे कोण ठरवतं? सॉफ्टवेअर म्हणावं, तर ते चालवायलाही आधी एक प्रोसेसर लागणारच ना, मॅडम?

उत्तर : शेवटच्या वाक्यात तू नेमका गाभ्याला हात घातलास. इथल्या एका तंत्रनिकेतनात २२ वर्षं मायक्रोप्रोसेसर शिकवताना मी ज्या प्रश्नाची वाट पाहायचे, तो हाच.

हा निवाडा सॉफ्टवेअर करतच नाही, तारा करतात. इंटेलच्या पेंटियम प्रोपासून पेंटियम थ्रीपर्यंत सगळ्या प्रोसेसरांमध्ये तीन तारांची एक सामाईक वाट असे. एक तार घड्याळाची, दोन माहितीच्या. तिचं नाव एपिक बस. रीसेट होतानाच, म्हणजे वीज आल्यावर सगळं मूळ स्थितीत आणलं जातानाच, प्रत्येकाला बोर्डाकडून वेगळा क्रमांक मिळतो. रीसेट सुटला की प्रत्येक जण आपला क्रमांक घातलेला संदेश सगळ्यांना धाडायला बघतो, अगदी स्वतःलासुद्धा. पण तार सामाईक. कुणी एकाने ती खाली ओढली की सगळ्यांनाच ती खाली दिसते. ज्याने तार मोकळी सोडली होती आणि तरी ती खाली गेलेली दिसली, तो ओळखतो की दुसरा कुणीतरी पुढे आहे, आणि थांबतो. असा पहिला संदेश पार पडला की प्रत्येक जण त्यातला क्रमांक आपल्याशी ताडून पाहतो. ज्याचा जुळला तो बूटस्ट्रॅप प्रोसेसर, म्हणजे आधी उठून मशीन सुरू करणारा. त्याच्या एका रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यात, ८ क्रमांकाच्या बिटात १ पडतो. बाकीचे निरोप येईपर्यंत स्वस्थ.

निवडून आलेला ४ जीबीच्या हद्दीच्या फक्त १६ बाइट अलीकडच्या पत्त्यावरून पहिली आज्ञा उचलतो. तिथे बायॉस, म्हणजे मशीन सुरू करणारा पहिला प्रोग्राम असतो.

सगळे एकदम का उठत नाहीत? कारण त्या क्षणी रॅमसुद्धा वापरण्याजोगी झालेली नसते. माझ्या दिरांचं अंबडला छोटं वर्कशॉप आहे. सकाळच्या पाळीला पहिला येईल तो मेन स्विच टाकतो, कॉम्प्रेसर लावतो, हवेचा दाब भरला की मगच बाकीच्यांना मशीनवर उभं करतो. तो मोठा मिस्त्री असायला हवा असं नाही, नवा हेल्परही चालतो.

उरलेल्यांना उठवण्याची रीत मला फार आवडते. आधी ‘इनिट’ (मूळ स्थितीत ये) हा संदेश, मग १० मिलिसेकंद थांबायचं, मग ‘सायपी’ (कामाला लाग), २०० मायक्रोसेकंदांनी पुन्हा एकदा ‘सायपी’. त्या संदेशात कुठून सुरुवात करायची त्याचा पत्ता असतो, तोही पहिल्या १ एमबीच्या आतलाच. कारण जागा झालेला प्रोसेसर १९७८ च्या ८०८६ सारखाच, १६ बिटांच्या जुन्या रीतीने चालू लागतो. माझ्या विद्यार्थ्यांनी एकदा हा कोड स्वतः लिहिला. दुसरा प्रोसेसर उठला की मशीन रीस्टार्ट व्हायचं, पुन्हा पुन्हा. सलग तीन संध्याकाळी आम्ही प्रयोगशाळेत बसलो. शेवटी एका मुलीच्या लक्षात आलं की दोन्ही प्रोसेसर एकच स्टॅक, म्हणजे परतीचे पत्ते ठेवायची रॅममधली जागा, वापरताहेत. एकाने परतीचा पत्ता ठेवायचा, दुसऱ्याने त्यावर आपला लिहायचा. दुसऱ्यासाठी वेगळा स्टॅक दिला आणि स्क्रीनवर २ हा आकडा आला. तिचा चेहरा मला अजून आठवतो.

पेंटियम फोरपासून त्या तीन तारा गेल्या, संदेश मुख्य बसवरून जाऊ लागले. निवड मात्र हार्डवेअरकडेच राहिली. तुझ्या सर्व्हरवर झिऑन, म्हणजे इंटेलचे सर्व्हरसाठीचे प्रोसेसर असतील तर त्यांचंही तसंच. रिस्क-फाइव्ह या वेगळ्या घराण्याच्या प्रोसेसरांसाठीच्या लिनक्समध्ये एक वेगळी सोय आहे. तिथे रॅम आधीच तयार असते, म्हणून अनेक कोअर एकदम आत आले तरी चालतं. प्रत्येक जण रॅममधल्या एका आकड्यात १ मिळवतो, आणि ज्याला मिळवण्याआधी तिथे ० दिसला, तो पहिला. कोडमध्ये त्या आकड्याचं नावच ‘लॉटरी’ आहे.

तू सर्व्हरवर लिनक्स चढव आणि डीमेसेज (dmesg) ही कमांड दे. ‘ब्रिंगिंग अप सेकंडरी सीपीयूज’ अशी ओळ सापडेल. तिच्या वरच्या ओळी एकट्या पहिल्या प्रोसेसरच्या कामाच्या आहेत. त्या सावकाश वाच, आणि खाली किती जण उठल्याचं लिहिलंय ते मला कळव.