बेकवेलला हॉट टब घ्यावा का?

प्रश्न: सप्टेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन इंग्लंडला, डर्बीशायरमधल्या बेकवेलला चार दिवस जातोय. हॉट टबवालं कॉटेज बरंच महाग पडतंय. घ्यावं का?

उत्तर: घ्या, पण पहिली संध्याकाळ हिशेबात धरू नका. पाहुणे बदलले की टब रिकामा करून, घासून नव्यानं भरावा लागतो आणि नळाचं गार पाणी विजेवर तासाला जेमतेम दोनेक अंशांनी तापतं. आम्ही चारला पोचलो, हौसेनं झाकण उचललं तर आकडा २४! ह्यांनी पाय घातला तसाच बाहेर काढला. शेवटी रात्री अकराला उतरलो, डोक्यावर लोकरी टोप्या घालून. म्हणून निघण्याआधी मालकांना विचारा, पाणी कधी भरणार?

४० अंशांच्या वर नको, पंधरा-वीस मिनिटं पुरे. बाबांना रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. अंगाला तेल चोपडून मात्र कुणी उतरू नका, नुसता फेस होतो. (हे आमच्या सासूबाईंमुळे कळलं.)

मुक्कामात सोमवार येऊ द्या, बाजार भरतो. आणि तिथे गावचा खास गोड पदार्थ, बेकवेल पुडिंग मागा; बेकवेल टार्ट वेगळं.