अमेरिकेत केबलचं बिल भरूनही अमेरिकन फुटबॉलचा नेमका हवा तो सामना का दिसत नाही?

तुम्ही विचारलंय की दर महिन्याला एवढं बिल भरतो, तरी गुरुवार रात्रीचा सामना केबलवर नाही, मग चूक केबल कंपनीचीच ना? नाही. आधी चूक लीगची, म्हणजे हे सामने भरवणाऱ्या एनएफएलची.

29 नोव्हेंबर 2007, गुरुवार. मी तेव्हा मिनेसोटात होतो. माझा संघ ग्रीन बे पॅकर्स आणि समोर डॅलस काउबॉइज, दोघांचेही 10 विजय आणि 1 हार. अख्खा मोसम मी या सामन्याची वाट बघत होतो, आणि तो होता लीगच्या स्वतःच्या चॅनलवर, एनएफएल नेटवर्कवर. आमच्या केबलवर ते चॅनलच नव्हतं. ज्यांचे संघ त्या गावांत मात्र सामना साध्या अँटेनावर फुकट! शेवटी मिलवॉकीतल्या मित्राला फोन लावला. त्याने रिसीव्हर टीव्हीच्या स्पीकरपाशी ठेवला आणि मी इकडे कान देऊन बसलो. मध्येच तो ओरडला, "अरे, फार्वला लागलं!" ब्रेट फार्व, आमचा क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणारा मुख्य खेळाडू, बाहेर गेला आणि तिसरा मोसम बाकावर काढणारा अॅरन रॉजर्स आत आला. हातचा गेलेला सामना त्याने पुन्हा रंगात आणला. आम्ही 37-27 ने हरलो, पण पुढे 15 मोसम ज्याने संघ ओढला त्याची ती पहिली मोठी रात्र मी नुसती ऐकली. ते अजून सलतं.

माझे भाऊजी तेव्हापासून एकच धरून बसलेत: केबलवाले चोर. भाऊजी, 2006 पासून दर मोसमात आठ सामने स्वतःच्या चॅनलवर नेले कुणी? लीगने. वर मागणी अशी की कुणी बघो न बघो, प्रत्येक घरामागे पैसे द्या. केबलवाले म्हणाले, ज्याला हवं त्याने जादा पॅकेज घ्यावं. दोघंही अडून बसले. मग 29 डिसेंबरला पेट्रियट्स-जायंट्स सामना आला. पेट्रियट्स जिंकले तर 16-0, म्हणजे साखळीतले सगळे 16 सामने जिंकलेले. सिनेटर मंडळींनी दबाव आणला आणि लीगने तोच सामना अँटेनावर फुकट दिसणाऱ्या सीबीएस आणि एनबीसी या चॅनलांवरही दाखवला. महिनाभर आधी आमच्यासाठी हे का जमलं नाही?

तुमच्यापुरतं सांगायचं तर आधी अँटेना घ्या. रविवारी दुपारी तुमच्या भागात कोणता सामना दिसणार हे सीबीएस आणि फॉक्स ही चॅनलं ठरवतात. मोठं केबल पॅकेज घेऊन ते बदलत नाही. बाहेरच्या संघाचे रविवार दुपारचे सामने हवे असतील तर संडे तिकीट नावाचं वेगळ्या पैशांचं पॅकेज, ते 2023 पासून यूट्यूबकडे आहे. गुरुवारचे सामने 2022 पासून अॅमेझॉन प्राइमवर असतात, पण खेळणाऱ्या दोन संघांच्या गावात ते आजही अँटेनावर फुकट दिसतात. मोसमाच्या उत्तरार्धात वेळा बदलतात, तेव्हा पाहुणे बोलवायच्या आधी वेळापत्रक पुन्हा बघा.

केबल कंपन्याही काही धुतल्या तांदळाच्या नाहीत. काहींनी लीगचं चॅनल जादा पैशांच्या पॅकेजात ढकललं आणि स्वतःच्या मालकीची खेळाची चॅनलं मात्र सगळ्यांच्या गळ्यात मारली. भाऊजींचं तेवढं मला मान्य आहे. पण पॅकर्स-काउबॉइज सामना गुरुवारी त्या चॅनलवर लावला लीगनेच.