सिझरच्या आधी ज्या कागदावर सही घेतात त्यात नेमकं काय असतं? आणि नवऱ्याचीच सही का मागतात?

तुम्हाला नववा लागलाय आणि बहिणीच्या वेळी काही न सांगताच सही घेतली असं लिहिलंय म्हणून उत्तर देतेय. मी स्टाफ नर्स आहे, लेबर रूममध्ये अकरा वर्षं काढलीत.

खरं सांगू का, सही करणाऱ्या बऱ्याच जणींना आपण कशावर सही केली ते माहीतच नसतं. एकीने सिझरनंतर तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग करताना मला हळूच विचारलं, "सिस्टर, पिशवी काढली ना माझी?" तिला वाटत होतं सिझर म्हणजे बाळाबरोबर गर्भपिशवीपण काढतात, आणि ती दोन दिवस तेच मनात धरून गप्प पडून होती. कुणाला विचारलं का नाही म्हटलं तर म्हणे, सही केलीये ना मी.

तर त्या कागदात साधारण तीन गोष्टी असतात, ऑपरेशनला परवानगी, भूल द्यायला परवानगी (बहुतेक वेळा कमरेतलं इंजेक्शन, म्हणजे तुम्ही जाग्या असता, बाळ रडलेलं ऐकू येतं) आणि लागलं तर रक्त चढवायला. त्यातच कुठेतरी रक्तस्राव थांबलाच नाही तर जीव वाचवायला पिशवी काढावी लागू शकते असंही असतं. हे क्वचित होतं, पण सगळे घाबरतात ते याच ओळीला आणि समजावून कोणी सांगत नाही. आणि सही केली म्हणजे काहीही झालं तरी डॉक्टरवर केस करता येत नाही हे साफ चूक आहे, हलगर्जीपणाला कुठलीच सही माफी देत नाही.

आता नवऱ्याचं. बाई सज्ञान आहे, शुद्धीत आहे, तर सही तिचीच. नातेवाईकाची घेतात ती साक्षीदार म्हणून आणि नंतर भांडणं नकोत म्हणून. 2008 मध्ये समीरा कोहली केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं, तिथे पेशंट भुलेत असताना आईला विचारून गर्भपिशवी काढली होती, कोर्ट म्हणालं जिवाला तातडीचा धोका नसेल तर पेशंट शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. तरी आमच्याकडे अजून सासूबाई येईपर्यंत पेन हातात धरून बसलेल्या मुली बघते मी, बीएससी झालेल्या.

अजून एक, कॉपर टी किंवा नसबंदी "उघडलंच आहे तर करून टाकू" असं चालत नाही, त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते, नको असेल तर स्पष्ट सांगा.

हे सगळं पुढच्या तपासणीलाच विचारा. फॉर्म मराठीत आहे का बघा, घरी वाचायला मागा, सिझर कशासाठी लागू शकतं आणि थांबलं तर काय होईल तेही विचारा. कारण बाळाचे ठोके एकदम पडले की आम्ही ट्रॉली ढकलत ढकलतच सही घेतो, तेव्हा तुम्ही वाचणार नाही आणि मीही समजावणार नाही.