जुन्या अमेरिकी गुप्तहेर कादंबऱ्या जमवताना

जुन्या अमेरिकी गुप्तहेर कादंबऱ्या जमवायला निघालेल्या तुमचा उत्साह पाहून आनंद झाला. मात्र पहिल्याच महिन्यात दुर्मीळ प्रतींच्या मागे लागू नका. १९३९ मध्ये 'पॉकेट बुक्स' या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने २५ सेंटांत कागदी बांधणीची पुस्तके विकायला सुरुवात केली आणि पुढच्या दोन दशकांत अशा कादंबऱ्या इतक्या प्रमाणात छापल्या गेल्या की साध्या प्रती आजही परवडतात.

आधी एकच प्रकाशनमाला निवडा. माझी पसंती 'डेल' या प्रकाशनसंस्थेच्या १९४० च्या दशकातील पुस्तकांना आहे, कारण त्यांपैकी अनेकांच्या मलपृष्ठावर घटनास्थळाचा नकाशा असतो आणि त्यावर बोट ठेवून खुनी कोणत्या दाराने आला असावा, हे ताडत वाचण्याची मजा काही औरच! चित्रांचीच ओढ असेल, तर चित्रकार रॉबर्ट मॅकगिनिस यांची मुखपृष्ठे पाहा.

नवखे संग्राहक सहसा मुखपृष्ठावर भुलतात आणि आतली पाने तपासत नाहीत. एकच कादंबरी पुढे वेगळ्या शीर्षकाने निघालेली असते, काही आवृत्त्या संक्षिप्त असतात. म्हणून पैसे देण्यापूर्वी स्वामित्वहक्काचे पान वाचाच. फाटलेल्या कडेला चिकटपट्टी लावू नका, तिचा डाग जात नाही. (मी तीन प्रती अशाच घालवल्या.) कण्याचा डिंक वाळलेला असल्याने पुस्तक पूर्ण उघडले की पाने सुटतात, वाचण्यासाठी एखादी जीर्ण, स्वस्त प्रत वेगळी ठेवा.

प्रतवारी (प्रत किती चांगल्या अवस्थेत आहे ते ठरवणे) आणि कितवी छपाई ते सांगणाऱ्या छपाईक्रमांकांच्या खाणाखुणा तूर्त बाजूला राहू द्या.